महाविद्यालयाच्या फाटकापासून डॉक्टरच्या दारापर्यंत

विशाखापट्टणम येथे शिकत असलेल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. आणि गरजू विद्यार्थ्याला रुग्णालयाकडे किंवा अन्य सेवांकडे तातडीने कसे पाठवावयाचे, याची लेखी कार्यपद्धती प्रत्येक संस्थेने तयार ठेवावी, असे त्या सूचनांचे थोडक्यात स्वरूप आहे.

यांपैकी समुपदेशकाच्या नेमणुकीची चर्चा पुष्कळ झाली. ते स्वाभाविकच आहे. नेमणूक ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट असते. एक खोली, एक पाटी, एक टेबल आणि दोन खुर्च्या एवढ्यावर ती तपासणी समितीला दाखवता येते. परंतु समुपदेशक औषध लिहून देऊ शकत नाही, आणि दोन हजार विद्यार्थ्यांमागे एकच माणूस असेल तर दीर्घकाळ चालणारे उपचार करणेही त्याला शक्य नसते. ऐकून घेणे, धीर देणे, आजार असल्याचा संशय आल्यास तो ओळखणे आणि विद्यार्थ्याला पुढे पाठवणे हे त्याचे खरे काम होय. आता पुढे म्हणजे कोठे, हा प्रश्न उरतो. बहुसंख्य महाविद्यालयांत या प्रश्नाला आजही ठरलेले उत्तर नाही, आणि म्हणूनच चर्चेत मागे पडलेली ती ‘लेखी कार्यपद्धतीची’ सूचना अधिक महत्त्वाची आहे, असे मला वाटते. महाविद्यालयाच्या फाटकापासून डॉक्टरच्या दारापर्यंतचे अंतर आज आजारी विद्यार्थ्याने एकट्याने तोडावयाचे असते. हा भार त्याच्या खांद्यावरून काढून संस्थेने उचलला पाहिजे, एवढेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते; म्हणजे शंभरांत साडेसातांहून अधिक. विद्यार्थ्यांच्या या यादीत त्या वर्षी सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. या संख्येत शाळकरी मुलेही धरलेली आहेत, हे लक्षात ठेवले तरी तिचे गांभीर्य कमी होत नाही. शिवाय आत्महत्या हे मानसिक अनारोग्याचे टोक होय. त्यामागे ज्यांचा जीव जात नाही, पण ज्यांची वर्षे जातात, अशा विद्यार्थ्यांची कितीतरी मोठी रांग उभी असते. या रांगेची मोजदाद कोणत्याही अहवालात होत नाही.

बंगळूर येथील ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. तथापि प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि विकारपरत्वे त्यांतील सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते, हा तिचा निष्कर्ष आपल्यालाही लागू पडू नये असे मानण्यास आधार नाही. दर एक लाख लोकसंख्येमागे आपल्याकडे सरासरीने एकही पूर्ण मनोविकारतज्ज्ञ येत नाही. तज्ज्ञांच्या लेखनात सामान्यतः येणारा आकडा ०.७५ हा आहे. आणि हे तज्ज्ञही बहुतांशी मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे पुरवठा अपुरा असल्याचे लगेच दिसते. परंतु पुरवठा अपुरा असताना जे थोडे उपलब्ध आहे ते कोणाच्या वाट्याला येते, हा त्यापुढचा आणि अधिक बोचरा प्रश्न होय. धान्य कमी असले की शिधापत्रिका निघते. मानसोपचारांच्या बाबतीत शिधापत्रिका नाही. येथे वाटप होते ते शोधण्याच्या शक्तीनुसार. ज्याच्या घरात माहिती आहे, ओळख आहे, वाहन आहे आणि दुपारचा वेळ आहे, त्याला डॉक्टर सापडतो. इतरांना तो सापडत नाही.

शोधाची किंमत

जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली माहितीच्या अर्थशास्त्रावर एक निबंध लिहिला. वस्तू कोठे मिळते आणि कोणत्या भावाने मिळते हे शोधण्यालाही खर्च येतो, वेळ आणि श्रम हीदेखील किंमतच असते, ही आज साधी वाटणारी गोष्ट त्याने सिद्धान्ताच्या चौकटीत बसविली. पुढे दोनच वर्षांनी, १९६३ साली, केनेथ अ‍ॅरो याने वैद्यकीय सेवा ही इतर वस्तूंसारखी का नव्हे, हे दाखवून दिले. आजारी माणसाला आपल्याला काय हवे हे ठाऊक नसते. ते ठाऊक असलेल्या डॉक्टरवर त्याला विश्वास टाकावा लागतो. म्हणूनच येथे केवळ बाजारावर विसंबून भागत नाही, असे त्याच्या विवेचनाचे सार सांगता येईल.

मानसिक आजाराच्या बाबतीत या दोन्ही अडचणी एकमेकींच्या जोडीने येतात आणि तिसरी एक भर पडते. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाची पहिली हानी होते ती त्याच्या उमेदीची. सकाळी अंथरुणातून उठणे ज्याला जड जाते, त्याने चार ठिकाणी चौकशी करावी, दूरध्वनी करावेत, वेळ ठरवावी, दोन वेळा नकार ऐकूनही तिसऱ्यांदा विचारावे, अशी अपेक्षा आपण करतो. पाय मोडलेल्या माणसाला अस्थिरोगतज्ज्ञाकडे चालत ये म्हणण्यासारखेच हे आहे.

त्यातून कोणाला शोधावयाचे याचाच उलगडा होत नाही. सामान्य माणसाच्या लेखी ‘मानसोपचारवाले’ सगळे सारखेच. वस्तुतः मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. झाल्यानंतर मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि औषध देण्याचा अधिकार त्याला असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. चाचण्या आणि मानसोपचार ही त्याची कामे. त्याचे नाव १९९२च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावयास हवे आणि ते आहे की नाही, हे कोणालाही पाहता येते. ‘समुपदेशक’ या शब्दाचे तसे नाही. मानसशास्त्रात वा समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेऊन वर्षानुवर्षे गांभीर्याने काम करणारेही समुपदेशक आणि काही आठवड्यांचा वर्ग करून पाटी लावणारेही समुपदेशकच. जॉर्ज अकरलॉफ याने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की खऱ्याखोट्याची पारख ग्राहकाला करता येत नसेल तर चांगला मालही संशयाने पाहिला जातो. एकदा फसलेला विद्यार्थी दुसऱ्यांदा कोणाकडेच जात नाही, हा अनुभव याच नियमाचे दुर्दैवी प्रत्यंतर होय.

एका वर्षाची हकीगत

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून एका विद्यार्थिनीची हकीगत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे देतो. तालुक्याच्या गावचे महाविद्यालय. वाणिज्य शाखेचे दुसरे वर्ष. वसतिगृहात राहणारी मुलगी. पहिल्या वर्षी पहिल्या बाकावर बसणाऱ्या या मुलीचे नाव दुसऱ्या वर्षी अपुऱ्या हजेरीच्या यादीत लागले. आपल्याकडे पंच्याहत्तर टक्के हजेरीचा दंडक आहे आणि तो न पाळणाऱ्यांची यादी सूचनाफलकावर लावली जाते. तिला दंड झाला, पालकांना पत्र गेले. पत्र पाहून वडील आले आणि मुलीला चार शब्द सुनावून परत गेले. तिला रात्रंदिवस झोप नव्हती, जेवण जात नव्हते, वाचलेले काही ध्यानात राहत नव्हते, हे त्या यादीत लिहिलेले नव्हते.

पुढे तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने पुढाकार घेतला. गावातील एका समुपदेशकाने चार बैठकांचे पैसे आगाऊ घेतले आणि मन खंबीर ठेवण्याचा उपदेश केला. त्यानंतर जिल्हा रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग असतो, ही माहिती त्यांना मिळाली ती एका औषधविक्रेत्याकडून. रुग्णालय पन्नास किलोमीटरवर. सकाळची पहिली एस.टी. पकडावयाची तर वसतिगृहातून लवकर बाहेर पडण्याची परवानगी हवी. परवानगीच्या वहीत कारण लिहावे लागते आणि ती वही सर्वांच्या नजरेस पडते. त्यांनी ‘दाताचे दुखणे’ असे लिहिले. रुग्णालयात केसपेपरची रांग, मग तपासणीची रांग, मग औषधांची रांग. परत येईपर्यंत संध्याकाळ झालेली आणि अंतर्गत मूल्यमापनाची एक चाचणी बुडालेली. डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले होते.

चाचणी पुन्हा देण्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र हवे होते. मनोविकारतज्ज्ञाचे प्रमाणपत्र दाखविले तर साऱ्या कार्यालयात चर्चा होईल, ही भीती. शेवटी ओळखीच्या डॉक्टरकडून काविळीचे प्रमाणपत्र आणले गेले. कावीळ ही आपल्या महाविद्यालयांतील सर्वांत सोयीची व्याधी आहे. तिच्या प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यात किती न सांगितलेली दुखणी दडलेली असतील, याचा अंदाज कोणी करावा! त्या मुलीचे एक वर्ष गेले. परंतु औषधाने आणि नियमित तपासणीने ती सावरली, परत आली आणि पदवीधर झाली. उपचार तेच, डॉक्टर तेच, रुग्णालय तेच. ते जुलै महिन्यात सापडले असते तर वर्ष वाचले असते. ते जानेवारीत सापडले. मधले सहा महिने आजाराने जितके घेतले, तितकेच शोधाने घेतले.

वाट आहे, पण ठाऊक नाही

सेवाच नाहीत असे म्हणता आले असते तर दोष देणे सोपे होते. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. कर्नाटकातील बेळ्ळारी जिल्ह्यात झालेल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला प्रारंभ झाला आणि पुढे तो देशभर पसरला. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांचे नाव काढताच अंगावर काटा येण्याचे दिवस सरले पाहिजेत, कारण तेथेही बाह्यरुग्ण म्हणून तपासून घरी जाता येते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकारांचा विभाग असतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य शासनाने उपचार विनामूल्य केले आहेत. एस.टी.च्या प्रवासात मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे.

शासनाबाहेरही काम उभे राहिले आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० साली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था स्थापन झाली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही दूरध्वनीवरील समुपदेशनाची सेवा सुरू केली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘टेलि-मानस’ ही योजना सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाल्याची भावना ज्याच्या मनात घर करून आहे, त्याने किंवा त्याच्या मित्राने हा क्रमांक आजच फिरवावा. उद्याची वाट पाहू नये.

म्हणजे वाट आहे. ती लांबची आहे, खाचखळग्यांची आहे, परंतु आहे. प्रश्न असा, की आपल्या महाविद्यालयातील किती जणांना ती सांगता येईल? फीच्या खिडकीत बसणाऱ्या लिपिकाला, वसतिगृहाच्या अधीक्षकांना, ग्रंथपालांना, वर्गशिक्षकाला? ग्रंथालयाच्या वेळा, दंडाचे दर, ओळखपत्राचे नियम हे सारे आपल्या माहितीपुस्तिकेत छापलेले असते. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांची तपासणी कोणत्या वारी असते, हे मात्र छापलेले नसते.

पैसा आणि गुप्तता

खासगी तज्ज्ञाकडे जावयाचे तर हिशेब वेगळा होतो. एका बैठकीला एक हजार रुपये पडतात असे केवळ उदाहरणादाखल धरू. महिन्यातून दोन बैठका आणि सहा महिने उपचार धरले तर बारा हजार झाले; औषधे आणि प्रवास निराळा. ज्या घरात महिन्याच्या मेसचे पैसे पाठविताना ओढाताण होते, तेथे ही रक्कम मागावयाची कशी? आणि मागावयाची तर कारण सांगावे लागते.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ साली संमत झाला आणि २०१८ पासून तो अमलात आहे. शारीरिक आजाराच्या बरोबरीने मानसिक आजारालाही विम्याचे संरक्षण मिळाले पाहिजे, असे त्याचे २१ वे कलम सांगते. हे तत्त्व स्वागतार्ह आहे. परंतु आपल्याकडील बहुतेक आरोग्यविमे रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चापुरते असतात आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याला लागतात ते बहुधा बाह्यरुग्ण विभागातले उपचार. त्यामुळे समानतेचे हे तत्त्व त्याच्या खिशापर्यंत पोहोचत नाही.

याच कायद्याने दिलेले दुसरे दोन हक्क मात्र विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावेत. शासनाने चालविलेल्या किंवा शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या सेवांमधून मानसिक आरोग्यसेवा मिळणे, हा १८ व्या कलमाने प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तर ती विनामूल्य मिळावयास हवी. आणि २३ व्या कलमाने उपचारांविषयीची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क दिला आहे. जीविताला धोका असण्यासारखे काही मोजके अपवाद आहेत. अठरा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी कायद्याने सज्ञान असतो. डॉक्टरकडे जाण्यासाठी त्याला आईवडिलांच्या सहीची जरुरी नसते. अकरावी-बारावीतील अल्पवयीन विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी. तेथे पालकांना बरोबर घेऊनच चालावे लागते. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला पोलिसांचे भय वाटते, म्हणूनही घरचे लोक रुग्णालयात खरे बोलत नाहीत. या कायद्याच्या ११५ व्या कलमाने अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरले आहे आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंडसंहितेतील ३०९ हे कलम पूर्वीच्या रूपात राहिलेलेच नाही.

आक्षेप आणि त्यांचे मोल

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप असा, की मागच्या पिढ्यांना असले काही लागत नव्हते. हे खरे नव्हे. मागच्या पिढ्यांतही मुले आजारी पडत होती. ‘डोक्यावर परिणाम झाला’ एवढे म्हणून त्यांची नावे हजेरीपटावरून कमी होत, कोणी देवऋष्याकडे जाई, कोणाचे लग्न लावून दिले जाई. त्यांच्या कहाण्या सांगितल्या गेल्या नाहीत, एवढेच. आज समाज थोडा बोलू लागला आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटात नैराश्यग्रस्त तरुण हाच कथेचा नायक होता आणि २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, हे या बदलाचेच चिन्ह मानावयास हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. प्रत्येक दुःखाला आजार म्हणावयाचे काय? परीक्षेची धास्ती, प्रेमभंग, घरची ओढगस्त, पदवीनंतर नोकरी न मिळणे ही दुःखे खरी आहेत. पण ती सारी डॉक्टरकडे न्यावयाची नाहीत. विशेषतः बेकारीने खचलेल्या तरुणाला समुपदेशन देऊन गप्प करणे ही तर प्रतारणाच ठरेल. पाच-पाच वर्षे स्पर्धापरीक्षांची तयारी करीत खोली घेऊन राहणाऱ्या मुलांच्या उदासीनतेवर रिकाम्या जागा भरणे हाही एक उपचार आहे, आणि तो अर्थनीतीच्या कक्षेत येतो. हे सर्व मान्य करूनही असे म्हणावे लागते, की दुःख कोणते आणि आजार कोणता, हे ठरविण्यासाठीदेखील जाणत्या माणसापर्यंत पोहोचावेच लागते. झोप, भूक आणि एकाग्रता आठवडेच्या आठवडे नाहीशी झाली असेल, तर ‘होईल ठीक’ म्हणून वाट पाहणे घातक ठरते.

तिसरा आक्षेप माझ्या सहव्यवसायिकांचा. शिक्षकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरील सहकारी अनिश्चिततेत, मूल्यांकनाच्या फायली अपुऱ्या. त्यात हे आणखी एक काम! तक्रार रास्त आहे. परंतु शिक्षकाने उपचार करावेत असे येथे कोणीही म्हणत नाही. ते त्याने करूही नयेत. त्याने फक्त योग्य पत्ता द्यावयाचा आहे. तो पत्ता शोधून ठेवणे मात्र संस्थेचे काम आहे, एकेका शिक्षकाच्या सहृदयतेवर ते सोडता येणार नाही.

पाच साध्या गोष्टी

मग महाविद्यालयांनी नेमके करावे काय? पहिली गोष्ट, जिल्हा रुग्णालयाशी किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी लेखी बोलणी करून ठेवावीत. महिन्यातून एखादी दुपार तेथील डॉक्टर तालुक्याच्या गावी येऊ शकतात का, न आल्यास महाविद्यालयाचे पत्र घेऊन आलेल्या विद्यार्थ्याने कोणत्या वारी, कोणत्या खोलीत, कोणाला भेटावे, हे ठरून जावे.

दुसरी गोष्ट, एका पानाचा तक्ता. परिसरातील मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि संस्था यांची नावे, पदव्या, नोंदणी, शुल्क, भेटीचे दिवस आणि एस.टी.च्या वेळा. दर सत्राच्या आरंभी एका जबाबदार व्यक्तीने तो पडताळून पाहावा. नावांची पारख संस्थेने एकदा केली, की दोन हजार विद्यार्थ्यांना ती दोन हजार वेळा करावी लागत नाही. माहिती ही अशी वस्तू आहे, की ती एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही.

तिसरी गोष्ट, अपुऱ्या हजेरीची यादी फलकावर लावण्यापूर्वी त्यातील प्रत्येक विद्यार्थ्याशी कोणीतरी दहा मिनिटे बोलावे. आजार ओळखण्याचे एक साधन आपल्याजवळ आयते आहे, आणि आज आपण ते केवळ दंड वसूल करण्यासाठी वापरतो. वर्गात दिसेनासा झालेला विद्यार्थी पुष्कळदा उनाडक्या करीत असतो हे खरे. पण पुष्कळदा तो खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो.

चौथी गोष्ट प्रमाणपत्राची. ‘या विद्यार्थ्यावर माझ्याकडे उपचार चालू आहेत, अमुक दिवशी तो उपस्थित राहू शकला नाही’ एवढेच, आजाराचे नाव न लिहिलेले, नोंदणीकृत डॉक्टरचे पत्र कार्यालयाने पुरेसे मानावे. वसतिगृहाच्या वहीत ‘वैद्यकीय कारण’ हे दोन शब्द पुरेसे असावेत. या एका सुधारणेला एक पैसाही लागत नाही.

पाचवी गोष्ट निधीची. दोन हजार विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयात प्रत्येकी वर्षाला पन्नास रुपये घेतले, तर एक लाख रुपये जमतात. जिल्हा रुग्णालयापर्यंत जाण्यायेण्याचे दोनशे रुपये धरले, तर शंभर विद्यार्थ्यांच्या प्रत्येकी तीन खेपांना साठ हजार लागतील. उरलेल्या चाळीस हजारांत, ज्यांना थांबून चालणार नाही अशांसाठी खासगी तज्ज्ञांच्या हजार रुपयांच्या चाळीस भेटी होतील. हे आकडे गृहीत धरलेले आहेत. गावोगाव ते बदलतील. परंतु हा प्रश्न महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचा आहे, असे म्हणण्यास त्यांतून आधार मिळत नाही. विम्यात धडधाकटांच्या हप्त्यातून आजाऱ्यांचा खर्च निघतो. हाही त्याच तत्त्वाचा लहानसा प्रयोग होईल.

अर्थात महाविद्यालयांनी एवढे केले म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि परिचारिका यांची संख्या लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय मानकांपर्यंत नेण्याचा प्रयत्न कायदा अमलात आल्यापासून दहा वर्षांत करावा, असे २०१७ च्या कायद्याच्या ३१ व्या कलमात नमूद आहे. ही मुदत २०२८ मध्ये संपते. त्या दिशेने आपल्या जिल्ह्यात किती जागा निर्माण झाल्या आणि त्यांतील किती भरल्या, हा प्रश्न शिक्षकांच्या, कर्मचाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संघटनांनी लोकप्रतिनिधींना विचारावयास हवा. वेतनश्रेणी आणि शुल्कवाढ यांवर मोर्चे निघतात. या प्रश्नावर अद्याप एकही निवेदन दिलेले माझ्या पाहण्यात नाही.

दर वर्षी जून महिन्यात नव्या वर्षाच्या माहितीपुस्तिका छापखान्यात जातात. त्यांत प्राचार्यांचे मनोगत असते, संस्थापकांचे छायाचित्र असते, नियमांची आठ-दहा पाने असतात. या वर्षी त्यांत आणखी एक पान घालावे. त्यावर जिल्हा रुग्णालयाचा वार आणि खोली, १४४१६ हा क्रमांक, पडताळून पाहिलेली दहा नावे आणि सर्वांत खाली, आजाराचे नाव कार्यालयात कोणालाही सांगावे लागणार नाही, हे एक वाक्य असावे. मजकूर जुळवावयास एक दिवस पुरेल. तो दिवस कोणी द्यावयाचा, हे प्राचार्यांनी सत्र सुरू होण्यापूर्वी ठरवावे.